दिव्याचा शंभरावा हिस्सा

लातूरच्या जिनिंग फॅक्टरीच्या आवारात, सरकीच्या गोदामाला लागून, माझ्या मामाचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या घराच्या कुठल्याही भिंतीला तळहात टेकवला तर ती बारीक थरथरताना कळायची. भिंतीपलीकडे इंजिनघर होतं आणि तिथलं ऑइल इंजिन चालू असलं की फडताळातले पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणत, चुलीजवळच्या तांब्यातल्या पाण्यावर गोल रेघा उठत. नव्या पाहुण्याला पहिले दोन दिवस त्या आवाजानं झोप लागायची नाही आणि तिसऱ्या दिवसापासून तो ऐकूच यायचा नाही. मामीचं उलट होतं. इंजिन चालू असेपर्यंत ती निवांत असे. आवाज अवेळी थांबला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती दारात येऊन उभी राही आणि इंजिनघराकडे बघत राही. मामा बाहेर येऊन काही नाही अशी हातानं खूण करी, मग ती आत वळे. तेवढ्यात करपलेली भाकरी मामाच्या ताटात पडायची. ज्यानं इंजिन बंद केलं त्यानं ती खायची, असा तिचा न्याय होता.

त्या घरात, वयाच्या सतराव्या वर्षी, मी एक हिशेब केला. तो तेव्हा बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. कागद माझ्याजवळ आहे आणि मी तो कितीतरी वेळा तपासला आहे. त्या बरोबर हिशेबानं माझ्या मामाचा जीव जायची वेळ आली. पुढे मी वीज खात्यात मीटर तपासायच्या कामाला लागलो, आकड्यांवरच घर चालवलं, दोन मुलींची लग्नं केली, आणि आता पन्नाशी उलटल्यावर हे लिहायला बसलो आहे. बाकीच्या आठवणींत चार गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या असतील. या प्रकरणात तसं होऊ नये म्हणून ते सावकाश लिहितो.

आम्ही राहायचो नांदेडला. वडील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. निजामाचं राज्य होतं, त्यामुळे शाळा सगळी उर्दूत. पाढेही मी उर्दूतच पाठ केले आणि आजही मीटरचे आकडे मनात जोडताना ओठ उर्दूतच हलतात, शेजारच्या टेबलावरची तरुण मंडळी त्याला हसतात. आमचे सायन्सचे मास्तर हैदराबादहून आलेले होते. त्यांच्या शेरवानीची उजवी बाही कायम खडूनं पांढरी असायची. त्यांचं एकच सांगणं असे, ‘पहले नापो, फिर बोलो.’ शाळेच्या कपाटात एक व्होल्टमीटर, एक अँपिअरमीटर आणि तारांची भेंडोळी होती, आणि मास्तर ती मला हाताळू द्यायचे, कारण मी प्रत्येक वस्तू जिथून काढली तिथंच परत ठेवायचो. एकदा मी साठ वॅटचा एक दिवा मोजला. दिव्यावर लिहिलेल्या आकड्यांवरून त्याचा रेझिस्टन्स आठशेच्या वर ओहम यायला हवा होता. सहा व्होल्टची बॅटरी लावून मी मोजला तर सत्तरही भरेना. तीनदा मोजला, तीनदा तेच. मास्तर म्हणाले, जो नापा है वो लिखो. मी लिहिलं, पण वहीत असा वेडावाकडा आकडा राहणं मला सहन होईना, म्हणून घरी आल्यावर लाल शाईनं त्यावर काट मारली आणि शेजारी ‘उपकरणाचा दोष’ असं लिहून टाकलं. उपकरणात काही दोष नव्हता. थंड तारेचा आकडा वेगळा आणि पेटलेल्या तारेचा वेगळा, दोन्ही खरे. एवढं कळलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, असं आज वाटतं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी लातूरला जायचो. त्या वर्षी माझ्या पत्र्याच्या पेटीत, धोतरात गुंडाळलेलं, मास्तरांनी दिलेलं एक लहान मीटर होतं. काच तडकलेली असल्यामुळे ते शाळेच्या यादीतून निघालं होतं, पण काटा बरोबर चालायचा. अँपिअरच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंतचा करंट त्यावर मोजता यायचा. सोबत आठ कोरडे सेल होते. मामानं पेटी उघडताना ते बघितलं आणि आईनं दिलेल्या लोणच्याच्या बरणीच्या आधी ते उचललं.

मामा फॅक्टरीचा मिस्त्री होता. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. इंजिन, डायनामो आणि बोर्ड ही त्याची तीन अपत्यं, असं तो म्हणायचा; मामा-मामींना मूल नव्हतं आणि हे वाक्य तो मामी समोर नसतानाच म्हणे. अंगानं सडपातळ, मिशी भरघोस, आणि स्वभाव भारी थट्टेखोर. बोर्ड म्हणजे काळ्या पाटीच्या दगडाची माणसाएवढी लादी, लोखंडी चौकटीत बसवलेली. तिच्यावर पितळी कड्यांच्या, काटा असलेल्या दोन तबकड्या आणि खाली तांब्याची उघडी पाती, सुरीसारखी, लाकडी मुठीची. मूठ धरून पातं खाचेत दाबलं की आवारातले दिवे लागायचे. बोर्डापुढे जमिनीवर सागाची एक जाड फळी कायम टाकलेली असे आणि त्या फळीवर चढल्याशिवाय मामा बोर्डाला हात लावत नसे. डायनामोची एक तार जमिनीत पुरलेली होती, म्हणून फळीवरून खाली उतरलं की आपण त्या तारेला जोडले गेलो, हे त्यानं मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. मामीलाही त्यानं लग्न झाल्या झाल्या एक गोष्ट शिकवली होती. मी कधी चिकटलो तर मला हात लावायचा नाही, लाकडानं मारायचं. मामी यावर म्हणायची, बाकी सगळ्या बायकांना ही मुभा पाहिजे.

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम या शब्दांना मामाचे आपले शब्द होते. व्होल्ट म्हणजे रेटा, अँपिअर म्हणजे धार, ओहम म्हणजे अडवण. रेट्याला अडवणीनं भागलं की धार निघते आणि रेट्याला धारेनं गुणलं की दिव्याचे वॅट, एवढं मी त्याला संध्याकाळी भाकरी खाता खाता सांगितलं. येसर मसाल्याच्या आमटीत भाकरी कुस्करत तो ऐकत होता. मग म्हणाला, हे कागदावर झालं, माझ्या काट्याला हे ठाऊक आहे का? मी म्हणालो, आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी आवारात फिरून दिवे मोजले. चव्वेचाळीस होते, सगळे साठ वॅटचे. चव्वेचाळीस गुणिले साठ, दोन हजार सहाशे चाळीस; भागिले दोनशे वीस व्होल्ट; बारा अँपिअर. मी कागदावर बारा लिहून कागद मामाच्या खिशात घातला. दिवेलागणीला त्यानं पातं दाबलं आणि काट्याकडे बघितलं. काटा साडेअकराच्या जवळ थांबला.

मामानं कागद काढून माझ्यापुढे धरला आणि मिशीत हसला. मग मी कमी पडलेल्या अर्ध्या अँपिअरला एका दिव्याच्या धारेनं भागलं. एक दिवा पाव अँपिअरहून थोडी जास्त धार घेतो. म्हणजे दोन दिवे. मी म्हणालो, ‘मामा, तुझे दोन दिवे गेलेत.’ तो कंदील घेऊन निघाला. गोदामामागचा एक आणि वजनकाट्याच्या खोलीतला एक, दोन्ही विझलेले सापडले. नवे बसवून परत आला तेव्हा काटा बाराच्या रेघेवर होता. मामा बराच वेळ त्या काट्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीनं बघत राहिला. वीस वर्षं त्यानं तो बोर्ड सांभाळला होता. इंजिनघरात उभं राहून गोदामामागचा विझलेला दिवा दिसतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून येईल जाईल त्याला तो ही गोष्ट सांगू लागला आणि मला भाचेबुवा म्हणू लागला. मला ते किती आवडलं हे लिहायला आज लाज वाटते.

मग त्याच्याच मनात आलं की माणसाची अडवण किती असेल. आम्ही आठ सेल एकापुढे एक लावले, बारा व्होल्टांचा रेटा. दोन्ही टोकांना पितळी दांड्या. मामानं दोन हातांत दोन दांड्या धरल्या. दांड्या धरताच त्याचे डोळे फिरले, मान मागं गेली, खांदे गदागदा हलू लागले. माझ्या हातातली वही पडली. तेव्हा तो खो खो हसला आणि म्हणाला, ‘बारा व्होल्ट हाय रे येड्या. मुंगी न्हाई चावत यानं.’ मामी आतून ओरडली की असली थट्टा करू नये. मी हसलो आणि वही उचलली.

खरी अडचण निराळी होती. काटा ठरत नव्हता. ऑक्टोबरचं ऊन, मामाच्या तळव्यांना घाम, काटा कधी इकडे कधी तिकडे. असा हलता आकडा वहीत लिहायला माझा हात धजावेना. मी चुलीतली राख आणली, मामाच्या तळव्यांवर चोळली, फडक्यानं हात स्वच्छ कोरडे पुसले, पुन्हा दांड्या दिल्या. आता काटा ठाम उभा राहिला. बारा व्होल्ट, धार अँपिअरच्या हजाराव्या हिश्श्याच्या शून्य पूर्णांक पंधरा. अडवण ऐंशी हजार ओहम. वर्षानुवर्षं पान्हे फिरवलेले ते हात, कातड्यासारखे झालेले. मी वहीत लिहिलं, ‘मामा: ८०,०००’. मग बोर्डाच्या दोनशे वीस व्होल्टांना ऐंशी हजारांनी भागलं. अँपिअरचे हजारावे हिस्से, पावणेतीन. एका दिव्याच्या धारेचा शंभरावा हिस्सा. मामा म्हणाला, ते खरं असणार, कोरड्या हाताला कधीमधी पातं लागतं तेव्हा झटका बसतो आणि सुटतो. कागद आणि अनुभव जुळले. आकड्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. फॅक्टरीत त्या दिवशी सगळं बंद असे. मामा सकाळी इंजिन धुई, दुपारी बंद बोर्डाला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि नारळ, आणि मग थेट दसऱ्यानंतरच चाक फिरे. त्या वर्षी मालकांनी तहसीलदारसाहेबांना दिवेलागणीला बोलावलं होतं. साहेबांना चव्वेचाळीस दिवे एकदम लागलेले दाखवायचे होते आणि पूजाही त्यांच्यापुढेच व्हायची होती. मामानं सांगितलं की पूजा आधी करू, दिवे मग लावू. मालकांना ते पटलं नाही. विझलेल्या दिव्याची पूजा करून पाहुण्याला काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. मामानं सुचवलं की मग निदान मुठींना कुंकू लावतो, त्या लाकडाच्या आहेत. यावर मालक हसले. नांगराची पूजा फाळाला होते, कोयत्याची पात्याला. मुठीला कुंकू लावलेलं कोणी पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं, आणि मामा पात्यालाच लावायला कबूल झाला. कारण ते खरंच होतं. आमच्याकडे कुंकू लागतं ते हत्याराच्या कापणाऱ्या अंगाला.

दुपारी तो घरी आला. नवमीचा उपास होता, मामीनं भगर आणि दाण्याची आमटी वाढली होती. दोन घास खाऊन त्यानं मला वही आणायला सांगितली.

‘चालू पात्याला बोट लागलं तर किती?’

‘पावणेतीन. हजारावे हिस्से.’

‘हजारावे बिजारावे ठिवून दे. दिव्याच्या मानानं सांग.’

‘एका दिव्याचा शंभरावा हिस्सा, मामा.’

‘पक्कं?’

‘पक्कं. दोनदा भागलंय मी.’

चुलीपुढून मामी म्हणाली, ‘अन् कागद चुकला म्हंजे?’

‘न्हाई चुकत,’ मामा म्हणाला. ‘दोन दिवे बसल्या जागी हुडकून काढले त्यानं. तू वाढ.’ आणि तो पुन्हा जेवू लागला, मोकळा होऊन. माणसाच्या मनावरचं ओझं माझ्या एका आकड्यानं उतरलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. त्या क्षणी मला जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं, तेवढं पुढे नोकरी लागली तेव्हाही वाटलं नाही.

आता काय काय बदललं होतं ते क्रमानं लिहितो, कारण यातली प्रत्येक गोष्ट मी समोर उभा राहून बघितली होती. इंजिनघराची शहाबादी फरशी त्या दिवशी पाणी ओतून धुतली होती आणि अजून ओली होती. बोर्डापुढची सागाची फळी तेलकट आणि पायाखालची, म्हणून सकाळी धुऊन बाहेर उन्हात भिंतीला टेकवून ठेवली होती. पूजेच्या जागी ती कशी चालेल? मामा आंघोळ करून पिळलेल्या ओल्या धोतरात अनवाणी उभा होता, कारण पूजा सोवळ्यात करायची असते. हळद आणि कुंकू पाण्यात कालवलेलं होतं. ज्या ज्या गोष्टीनं तो पूजेला योग्य झाला होता, त्या त्या गोष्टीनं त्याची अडवण कमी झाली होती. माझ्या वहीत मात्र ऐंशी हजार होते.

तहसीलदारसाहेब खुर्चीवर बसले. मालक त्यांच्यामागे. मी बोर्डाच्या उजव्या बाजूला, मामी ओवाळायचं ताट घेऊन दारात. मामानं मूठ धरून पातं दाबलं, आवार उजळलं, साहेब मान डोलवून ‘वाह’ म्हणाले. मामानं तबकड्यांच्या काचांना कुंकू लावलं, इंजिनाला लावलं, माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. मग तोल सांभाळायला डाव्या हातानं जमिनीत रोवलेली लोखंडी चौकट धरली, उजव्या हाताची दोन बोटं वाटीत बुडवली आणि पात्याला टेकवली.

त्याची मान मागं गेली. खांदे हलू लागले. तोंडातून शब्द नाही. दिवे जसेच्या तसे जळत होते, काटा बारावर होता, इंजिनाचा ठोका चुकला नव्हता.

मी हसलो.

मी हे टाळू शकलो असतो, कोणाला कळलं नसतं. पण मी हसलो. चार दिवसांपूर्वी त्यानं नेमकी हीच मान, हेच खांदे करून मला फसवलं होतं, आणि माझ्या वहीत पावणेतीन लिहिलेलं होतं. पावणेतीननं असं होत नाही. तहसीलदारसाहेबांनी विचारलं, ‘मिस्त्री को क्या हुआ?’ आणि मी त्यांना अदबीनं सांगितलं, ‘कुछ नहीं साहब, मज़ाक कर रहे हैं.’

मग वास आला. केस जळल्यासारखा. तरीही मी हललो नाही. माझं डोकं तेव्हा काय करत होतं हे मला स्पष्ट आठवतं. ते भागाकार पुन्हा करत होतं.

ताट खणकन फरशीवर पडलं. मामी दारातून बाहेर गेली आणि सागाची ती फळी घेऊन आत आली. दिवसभराच्या उन्हात फळी ठणठणीत वाळली होती. तिनं ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि मामाच्या उजव्या मनगटावर घातली. पहिल्या घावाला हात सुटला नाही. दुसऱ्याला सुटला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मामा चौकटीवरून घसरून फरशीवर पडला, आणि मामी फळी न सोडता माझ्याकडे वळली.

‘हसतोस काय रं?’ ती म्हणाली.

मामा त्या संध्याकाळी मेला असता. श्वास होता, पण तुटक. मालकांनी मोटार पाठवून दवाखान्यातले डॉक्टर आणले. त्यांनी छाती चोळली, नाकाशी काहीतरी धरलं, आणि बऱ्याच वेळानं मामानं डोळे उघडले. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला काळी पडली होती आणि मनगट मोडलं होतं. इंजिन कोणीतरी बंद केलं होतं. भिंती थरथरत नव्हत्या, डबे वाजत नव्हते. मला त्या घरातली शांतता पहिल्यांदा ऐकू आली आणि मी परसात जाऊन ओकलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. गावात गोष्ट पसरली होती आणि तिची चेष्टाही सुरू झाली होती, मिस्त्रीणबाईनं तहसीलदारासमोर नवऱ्याला फळीनं झोडपलं अशी. सोनं द्यायला येणारे मामीला वाकून, जरा लांबूनच नमस्कार करत होते. मामा खाटेवर पडल्या पडल्या हसायचा प्रयत्न करत होता. मी आपट्याची पानं घेऊन त्याच्या पायाशी ठेवली. त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग मी मामीपुढे गेलो. ती पाट्यावर पुरण वाटत होती. मी पानं पुढे धरली. तिनं वर बघितलं नाही आणि हात पुढे केला नाही. मी पानं फडताळावर ठेवून बाहेर आलो.

तिसऱ्या दिवशी मामानं मीटर आणायला सांगितलं. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मला बघायचंय काय झालं ते, तू न्हाई मोजलंस तर मी मोजतो एका हातानं. त्याला दांड्या द्यायला मी तयार नव्हतो, म्हणून मी माझेच हात पूजेच्या वाटीतल्या उरलेल्या हळदकुंकवाच्या पाण्यात बुडवले आणि ओलेच दांड्यांवर ठेवले. काटा सपकन शेवटच्या टोकाला जाऊन आपटला. मी सहा सेल काढले. दोनच ठेवले, तीन व्होल्टांचा रेटा. आता काटा शून्य पूर्णांक नऊवर थांबला. अडवण तेहतीसशे ओहम. दोनशे वीसला भागलं. सहासष्ट हजारावे हिस्से.

मी ते मामाला सांगू शकलो नाही, कागदच दाखवला. त्याला आकडे वाचता यायचे.

‘दिव्याच्या मानानं?’

‘पाव दिवा,’ मी म्हणालो. शंभराव्या हिश्श्याच्या जागी पाव. चोवीस पट. त्या वाकलेल्या सडपातळ छातीतून एका दिव्याच्या पाव हिश्श्याएवढी शक्ती गेली होती, चौदा-पंधरा वॅट, देवघरातला लहान दिवा चालेल एवढी. मी रडायला लागलो.

मामा कागद डोळ्यांजवळ धरून पडून राहिला. मग सावकाश म्हणाला, ‘म्हंजे तुझा भागाकार बरोबर व्हता. हात दुसरा व्हता.’

मामी दाराशी होती. तीन दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘पयल्यांदा मोजलं तवा हात का पुसले त्याचे?’

मी खरं तेच सांगितलं. काटा हलत होता, मामी. आकडा नीट येत नव्हता.

‘आकडा नीट यावा म्हणून,’ ती म्हणाली आणि आत गेली. ती रागानं बोलली नाही. चुलीत लाकूड सारताना माणूस बोलतो तसं बोलली. मास्तरांनी कधी दिली नसेल एवढी मोठी शिक्षा मला त्या चार शब्दांत मिळाली. घामाचे हात, हलता काटा, हा जो खरा माणूस माझ्यासमोर बसला होता, तो मी राखेनं पुसून काढला होता आणि जो उरला त्याचं माप घेतलं होतं.

मनगट जुळलं, पण जरा वाकडं. बोटांची टोकं निबर राहिली. मामानं पुढेही बोर्ड सांभाळला, डाव्या हातानं, आणि पूजा पुन्हा बंद बोर्डाचीच होऊ लागली. मालकांनीच तसं सांगितलं. माझ्या खात्यातले लोक मला किचकट म्हणतात, कारण मी कुठलाही आकडा नुसता लिहू देत नाही. मीटर कुठे होतं, ऊन होतं की पाऊस, हात कोरडे की ओले, हे शेजारी लिहायला लावतो. नवे लोक कंटाळतात. मी कारण सांगत नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याला मी लातूरला जाऊ नये असं मला वाटत होतं. आईनं पाठवलं. मामा आवाराच्या फाटकाशी न्यायला आला होता. घरात शिरलो तेव्हा मामी मोरीशी भांडी घासत होती, कोपरापर्यंत पाण्यात. मी आपट्याचं पान घेऊन उभा राहिलो. तिनं पदराकडे हात नेला, थांबली, पदर सोडून दिला आणि पाणी निथळता तळवा तसाच माझ्यापुढे धरला.

‘ठिव,’ ती म्हणाली. ‘वल्लाच हाय.’

मी पान ठेवलं. ते तिच्या तळव्याला चिकटून बसलं.